नटावरचा लाल ठिपका

मंडळी, बसून घ्या. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत. रशीदभाईंसाठी जमायचं आणि दाराशी उभं राहायचं, हे काही बराबर दिसत न्हाई.

मी विलास. गाव राजूर, जालन्यात बियाण्याचं दुकान. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी तासभर बोलतो, माझ्या बायकोला विचारा. पण इथं माईक हातात आला आणि मी खिशात कागद शोधायला लागलो. सकाळपासून चार वेळा लिहून काढलं, चारी वेळा फाडलं. रशीदभाईंबद्दल लिहायला बसलं की हसू येतं. आणि हसता हसता ध्यानात येतं की आता फोन केला तर ते उचलणार न्हाईत. मंग कागद तसाच राहतो.

पण आज मला बोलायलाच पाहिजे. कारण मी रशीदभाईंशी एक खोटं वागलो होतो. दोन वर्षं ते मनात घेऊन फिरलो. त्यांच्यासमोर कबूल करायचं राहून गेलं. मागच्या शुक्रवारी ते नमाजहून आले, जेवले, जरा आडवे झाले आणि गेले. एकसष्ट वर्षांचा माणूस, कुणाला त्रास न देता गेला. मला वाटायचं अजून लई वेळ आहे. म्हणून आता तुमच्यासमोर कबूल करतो.

इथं मिलमधली माणसं आलीत, ट्रॅक्टरवाले आलेत, आणि बाहेर ज्यांच्या बुटक्या गाड्या उभ्या आहेत ती पुण्याची पोरंबी आलीत. सगळ्यांना रशीदभाई सारखे माहीत न्हाईत, म्हणून थोडं सांगतो. एमआयडीसीत मिलच्या भिंतीला लागून त्यांचं गॅरेज. आयुष्यभर त्यांनी ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे टर्बो दुरुस्त केले. टर्बो म्हणजे काय, हे मला त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "इंजिन का धुआँ बाहर जाता, जाते जाते एक पंखा घुमाता. वो पंखा इंजिन में ज्यादा हवा ठूसता. बस, इतनाच है." पुढं कधीतरी एका पोरानं त्यांच्याकडं टर्बोची स्पोर्ट्स कार आणली. रशीदभाईंनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "अरे, ये तो अपनाच ट्रॅक्टर है, कपडे अच्छे पहने." तिथून सुरू झालं. मंग लांबलांबून गाड्या येऊ लागल्या. कुणाला मोठा टर्बो पाहिजे, कुणाला मोठा सायलेन्सर, कुणाला नुसता आवाज पाहिजे.

मीबी एक घेतली. जुनी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. राजूरला नेली तर आमच्या काकांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्यात खताचं पोतं कुठं ठिवायचं?"

मी गाडी घेऊन रशीदभाईंकडं गेलो. म्हणालो, भाई, हिची ताकद वाढवायची. ते म्हणाले, "पहले ब्रेक." मी म्हणालो, ब्रेक चांगले आहेत. ते म्हणाले, "जितनी गाडी है उतने के लिए चांगले हैं." आठ दिवस त्यांनी माझ्या ब्रेकवर काम केलं. ताकदीला हात लावला न्हाई. तुमच्यापैकी कितीजणांना असं ताटकळत ठेवलंय? हात वर करा. बघा. सगळेच आहेत.

मंग पहिल्यांदा ताकद वाढवली तो दिवस. मे महिना, दुपार. रशीदभाई टर्बोच्या हवेचा दाब मे महिन्याच्या दुपारीच ठरवायचे. म्हणायचे, जालन्याच्या मेमध्ये इंजिन शाबूत राहिलं तर कुठंबी राहील. आम्ही वाटूरच्या रस्त्यानं जाऊन आलो. मी खुशीत गॅरेजसमोर गाडी थांबवली आणि चावीला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "नक्को. अभी नक्को." पंखा लई जोरात फिरून आलेला असतो, तापलेला असतो. इंजिन लगेच बंद केलं तर तेल थांबतं आणि पंखा आतल्या आत जळतो. म्हणून एक मिनिट गाडी तशीच चालू ठेवायची. आणि त्या मिनिटात बोलायचं न्हाई. मोबाइल काढायचा न्हाई. हात मांडीवर ठेवून बसायचं. मिनिट झालं की ते म्हणायचे, "अब बंद कर." मी त्यांच्याशेजारी असं किती वेळा बसलो असेन, मोजलं न्हाई.

आता माझी अक्कल ऐका. मी इंटरनेटवर बघून हवेचा परदेशी फिल्टर मागवला. उघडा, बिनझाकणाचा, पुढच्या बंपरच्या मागं बसणारा. का? तर ॲक्सिलरेटर सोडला की फुस्स असा झकास आवाज येतो म्हणून. रशीदभाई म्हणाले, "विलासभाई, ये वहाँ की हवा के लिए बना. अपनी हवा अलग है." मी ऐकलं न्हाई. त्यांनी बसवून दिला.

चतुर्थीच्या दिवशी मी राजूरच्या गणपतीला निघालो. वाटेत आमच्या काकांनी रस्त्यावर मुगाच्या शेंगा पसरल्या होत्या. आपल्याकडं हे नवीन न्हाई, गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात, झोडपायची मेहनत वाचते. काकांनी हात करून मला थांबवलं. मला वाटलं, म्हणतील बाजूनं जा. तर म्हणाले, "तुझी गाडी बुटकी हाय, चाकं रुंद हायेत, लई चांगलं काम करल. चार फेऱ्या मार." आता काकांना न्हाई कसं म्हणायचं? मी चारऐवजी सहा मारल्या. परदेशी फिल्टर, वाढवलेला टर्बो, आणि मी मूग झोडपून राह्यलो. जे भुसकट उडालं ते सगळं त्या उघड्या फिल्टरनं ओढून घेतलं. मंदिराच्या अलीकडं गाडी खोकली, आणि भर गर्दीत बंद पडली.

मी फोन केला. रशीदभाई मोपेडवर आले. बॉनेट उघडलं, फिल्टर काढला, रस्त्यावर झटकला. ओंजळभर भुसकट पडलं. दर्शनाला आलेली माणसं गोल करून बघत होती. रशीदभाई एकदम गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मूग तो अच्छे निकले. अब पापड कब लाटने के?" दुसऱ्या दिवशी त्यांनी भांड्याच्या दुकानातून रव्याची चाळणी आणली, कापली, आणि फिल्टरवर बसवली. आजबी माझ्या गाडीत परदेशी फिल्टर आहे आणि त्याच्यावर आपल्या जालन्याची चाळणी आहे. पुण्याच्या पोरांनो, तुमच्याबी गाडीत आहे, मला माहिती आहे.

आता नटाचं सांगतो.

टर्बोच्या बाजूला एक दांडी असते. तिच्यावर एक बारका नट. तो आवळला की हवेचा दाब वाढतो, गाडी जास्त पळते. जास्त आवळला की इंजिन फुटतं. रशीदभाई दाब बराबर करायचे आणि त्या नटावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचे. नट कुणी फिरवला की ठिपका तडकतो, लगेच कळतं. नेलपॉलिश आणायला ते स्वतः बांगड्यांच्या दुकानात जायचे. दुकानदार दर वेळी विचारायचा, भाभींसाठी का? आणि ते दर वेळी सांगायचे, "न्हाई, नट के लिए."

त्यांचा कायदा एकच होता. ठिपका तडकलेला दिसला की त्या गाडीला पुन्हा हात लावायचा न्हाई. एका मोठ्या मिलवाल्याची गाडी त्यांनी माझ्यासमोर परत पाठवली. तो लई बोलला. रशीदभाई एवढंच म्हणाले, "जिसकू मेरे पे भरोसा न्हाई, उसकी गाडी में मैं कैसे बैठूँ?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. आणि तरी मी तेच केलं.

वाटूरच्या रस्त्यावर एक गाडी माझ्या पुढं गेली. बस, एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी बॉनेट उघडलं आणि नटाचे दोन आटे आवळले. ठिपका तडकला. मंग भीती वाटली. अर्चनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, आरशासमोर नेलपॉलिशच्या सहा-सात बाटल्या असतात. घरात मला सगळ्या लालच दिसल्या. त्यातली एक उचलली आणि ठिपका दिला. गाडी उन्हात काढून बघितली तर ठिपका जांभळट. अर्चना तिकडं बसली आहे, ती बाटली कुठं गेली हे तिला आत्ता कळतंय. घरी गेल्यावर बघू.

पुढच्या आठवड्यात ऑइल बदलायला गॅरेजमध्ये गेलो. रशीदभाईंनी बॉनेट उघडलं आणि लई वेळ आत बघत राहिले. मला वाटलं, झालं. आता म्हणतील, गाडी घे आणि जा. ते वर बघून म्हणाले, "चाय मंगाओ." मी चहा घेऊन आलो, तोवर ऑइल बदलून झालं होतं. मंग ते नेहमीसारखे माझ्या शेजारी बसले, वाटूरच्या रस्त्याला एक चक्कर मारली, आणि म्हणाले, "एकदम मस्त."

मी सुटलो. पण सुटलो कसला? घरी आल्यावर आनंद झाला न्हाई. दोन वर्षं एकच विचार. ह्यांना दिसलं न्हाई का? की दिसलं आणि गप्प बसले? दिसलं असेल, तर माझ्या शेजारी बसले कसे? भरोसा नसलेल्या माणसाच्या गाडीत हा माणूस बसत न्हाई, हे मला माहीत होतं. विचारायची हिंमत झाली न्हाई. आणि बाहेर मित्रांमध्ये मात्र बढाया मारून राह्यलो, की माझ्या गाडीत दोन आटे जास्त आहेत, तेव्हापासून काय पळते, काय पळते. रशीदभाईंसमोरबी म्हणायचो, भाई, त्या सर्व्हिसिंगपासून गाडीला वेगळाच जोर आलाय. ते म्हणायचे, "हां, आया होएंगा."

परवा मी त्यांच्या घरी गेल्तो. भाभींची इद्दत चालू आहे, म्हणजे नवरा गेल्यावर चार महिने परक्या पुरुषांसमोर यायचं न्हाई, म्हणून त्या आतल्या खोलीत होत्या. त्यांची लेक शाहीन, ही इथं पहिल्या रांगेत बसली आहे, शाळेत शिकवते, ती बाहेर आली. तिनं गॅरेजच्या कपाटातली एक वस्तू माझ्या हातात दिली. म्हणाली, "काका, ह्याच्यावर तुमचं नाव आहे."

नेलपॉलिशची बाटली होती. जांभळट. अगदी अर्चनाच्या बाटलीचा रंग. वर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, आणि तिच्यावर रशीदभाईंच्या अक्षरात लिहिलेलं, विलास.

शाहीननं सांगितलं. मी चहा आणायला गेलो तेवढ्यात त्यांनी माझे दोन आटे सोडवून नट जागेवर आणला होता. दुसऱ्या दिवशी बांगड्यांच्या दुकानात जाऊन त्यांनी तो जांभळा रंग हुडकला. दुकानदारानं विचारलं, आज लाल नको का? म्हणाले, "न्हाई, ये नट जरा शौकीन है." मंग मला काहीतरी सांगून गाडी परत बोलावली, आणि माझ्याच रंगाचा ठिपका दिला. म्हणजे मला कळू नये.

मंडळी, दोन वर्षं मी ज्या वेगाच्या बढाया मारल्या, तो वेग गाडीत नव्हताच. हसा, हसा. मीबी हसलो. त्यांच्या ओसरीवर बसून एकटा हसलो आणि मंग मला रडू आलं.

शाहीननं त्यांना विचारलं होतं म्हणे. अब्बा, तुम्ही बाकीच्यांना हाकलून देता, विलासकाकांना का न्हाई? तर ते म्हणाले, "इसकू भगाया तो ये दूसरे के पास जाएगा. वो और कसेगा. और बाजू की सीट पे अर्चना बैठती." आणि वर म्हणाले, "और मेरेकू चाय कौन पिलाएगा?"

मला लाज वाटली. आजबी वाटते. पण लाजेच्या मागून जे आलं ते सांगायचंच आहे. माझा ह्या माणसावर लई जीव होता. सख्ख्या भावावर असतो तेवढा. ते मी त्यांना कधी बोललो न्हाई. ऑइल, नट, चाळणी, ह्याच्याच गप्पा मारल्या. रशीदभाई, ठिपका मी तडकवला होता. माफ करा. मी तुमच्यावर भरोसा ठेवला नव्हता, तरी तुम्ही माझ्यावर ठेवला.

तो नट तुम्ही ठेवला तिथंच आहे. तिथंच राहील.

आता आपण शांत बसू. अशा सभेत दोन मिनिटं उभं राहायची पद्धत आहे, पण मी तुम्हाला उभं राहायला सांगणार न्हाई. तुम्ही सगळे गाडीत त्यांच्याशेजारी बसलेले आहात. तसंच बसा. मोबाइल खाली ठेवा. हात मांडीवर. एकसष्ट वर्षं हा माणूस भर उन्हात फिरून आत्ताच दारात आलाय. चावीला हात लावायचा न्हाई. एक मिनिट.

मिनिट झालं की "अब बंद कर" म्हणायला ते न्हाईत. ते शाहीन म्हणेल.