लांबची आजी

अमरावतीच्या बसस्टँडवर मोर्शीच्या गाडीसाठी थांबलो होतो. पुढे दोघी बोलत होत्या.

"मैनाबाई, नातीचं तोंड पाह्यलं?"

"सगळ्यायच्या आंधी! विहीन म्हने, 'मी मुंबईतच राह्यतो, पयले मीच पाहीन. तुमी लई लांबच्या, बारशालेच या.'"

"मंग?"

"सीझरची तारीख ठरेलच होती. बेलोऱ्याहून इमानात बसली, पावनेदोन घंट्यात मुंबई!"

"अन् विहीन?"

"थेबी त्याच टायमाले बदलापूरहून टॅक्सीनं निंघाली, पन रस्त्यातच अटकली. नात माह्या मांडीवर झोपली, तवा आली धापा टाकत."

"तुमी काय म्हनलं?"

"म्हनलं, बसा विहीनबाई, पानी घ्या. लई लांबून आल्या तुमी."