दिवाण थांबतो कसा?

...आणि वर म्हणतात, काठी नको! तुम्हीच सांगा, काठी न दाखवता कोणी कोणाचं ऐकलंय आजवर? उभी हयात बातमीदारी केली मी या ग्वाल्हेरात, संस्थान विलीन होताना पाहिलं, मध्यभारत झालेला पाहिला, आता एक नोव्हेंबरला तोही मिटवून राजधानी भोपाळला चाललीय, आणि प्रत्येक वेळी सांगणारे हेच सांगत होते, "सगळं गोडीगुलाबीनं होतंय"... तेव्हा गोडीगुलाबी म्हटलं की मी ओळखतो, पाणी कुठंतरी मुरतंय.

झालं काय, आमच्या घरात एक कुत्र्याचं पिल्लू आहे. नाव दिवाण. संस्थानाबरोबर दिवाण गेले, म्हटलं नावापुरता तरी एक असावा. तर आमचे थोरले बंधू, नाना, जेवायला बसले, ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुतीचे भाताचे घास उजवीकडे मांडले, आणि आपोशन घ्यायच्या आत दिवाणानं ते घास साफ केले. नाना भरल्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग म्हणाले, "भाल्या, दसऱ्यापर्यंत याला वळण लाव. नाहीतर हा हजिरा मोहल्ल्यातल्या दूधवाल्याकडे जाईल." आता मला काय त्याचं, कुत्रं ते... पण संध्याकाळी कचेरीतून आल्यावर माझी अख्खी बातमी, संपादकाला घातलेल्या शिव्यांसकट, कान टवकारून ऐकणारा घरात तेवढा एकच आहे हो.

म्हणून गेलो शेजारच्या जयसिंहरावांकडे. हे संस्थानच्या रिसाल्यात घोडे शिकवायचे, फौजा विलीन झाल्या तसे गल्लीतली कुत्री शिकवायला लागले. म्हणाले, "डंडा फेंको, भालचंद्रराव. मुठीत चणे धरा. चाटेल, ओरबाडेल, धरून ठेवा. नाक मागं घेतलं की मूठ उघडा, म्हणा 'घे'. खेल है, बस." एवढंच? मग चिंधीची ओढाओढ, "सोड" म्हटलं आणि सोडली की लगेच पुन्हा तीच चिंधी द्यायची. मी विचारलं, यात त्याचा तोटा काय? म्हणे, काहीच नाही. तोटा कोणाचाच नाही? तुम्हाला सांगतो, तिथंच मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

मी आणि आमची बायको वनमाला, दोघं मुठी आवळून बसायचो. चण्यापुढं तो ठीक, पण भात दिसला की दिवाण गेलाच. मी दूधवाल्याचं नाव निघालं की उठून जायचो.

आणि दसऱ्याला? नानांनी पाणी फिरवलं, घास मांडले, आपोशन घेतलं... दिवाण बसलेला. लाळ जमिनीला टेकली, पण पठ्ठ्या हलेना. नाना म्हणाले, "राहू दे घरात." वनमालेनं डोळे पुसले. मी नाही. मी पाहत होतो. शिकवलं आम्ही, चणे आमचे, आणि हा टक लावून बघतो कोणाकडे? नानांकडे! वनमाला म्हणाली, "अहो, राहिला ना घरात? मग आता काय चौकशी लावताय?" म्हटलं, बाई गं, पाणी कुठंतरी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी, न सांगता घरी आलो. चपला हातात. स्वयंपाकघराच्या दाराआडून पाहतो तर नाना सोवळ्यात जमिनीवर मांडी घालून बसलेले, मुठीत भात, आणि घरात आजवर कोणी न ऐकलेल्या आवाजात... "थांब हं, राजा... थांब... आता घे."

मी आत गेलो. म्हटलं, "नाना, दूधवाल्याची धमकी आम्हाला, आणि शिकवणी रोज दुपारी तुमची? ही बातमी मी अख्ख्या गल्लीला सांगणार."

नाना गडबडले नाहीत. फडताळातून काहीतरी काढलं, मूठ आवळून माझ्यासमोर धरली. नई सडकेवरच्या पेढ्याचा वास मला ओळखायला येत नाही होय? मी तोंड उघडलं. नाना म्हणाले, "थांब."

आजवर एकाही दरबाऱ्याला, एकाही मंत्र्याला माझी बातमी दाबता आली नाही. तुम्हाला सांगतो... मी दिवाणाच्या शेजारी बसलो, आणि नाक मागं घेतलं.