स्टर्डी वॉकर

—तसं नाही हो सिद्धाराम, बसा की, सांगतो. कॉलनीच्या ग्रुपवर मी 'स्टर्डी वॉकर द्यायचा आहे' असं टाकलं, आणि अर्थ विचारणारे तुम्ही एकटेच. स्टर्डी म्हणजे भक्कम. वजन टाकलं तरी डुगडुगत नाही ते. टेबल, बूट, माणूससुद्धा—चहाला मात्र म्हणायचं नाही, चहा कितीही कडक असला तरी तो स्ट्राँग. तेवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, जीभ थांबत नाही. तुमच्या आईंचं हाड नीट बसलंय ना? बरं झालं.

पण मूळ अर्थ ऐका की—शब्द आला जुन्या फ्रेंचमधून, आणि तिथं अर्थ काय? मार बसून सुन्न झालेला! मग बेफाम, मग हट्टी, असं करत करत भक्कम. मेंढी भेलकांडत गोल गोल फिरते ना, त्या रोगाचंही इंग्रजीत हेच नाव. हे मला कळलं कधी? ही—सिद्धेश्वरी—गेल्यावर. चौथ्या दिवशी मी शाळेत हजर. हेडमास्तर म्हणाले, 'गुरुशांत सर, किती खंबीर हो तुम्ही!' आणि मी आठवीचा धडा नववीला शिकवून आलो—अख्खा, प्रश्नोत्तरांसकट.  सगळ्या पोरांनी वहीत उतरवून घेतलं. घरी येऊन डिक्शनरी उघडली, तर त्यात मीच.

असो, वॉकर बघा. खालची रबरं बघा—हिच्याकडे पाच महिने होता, तरी कोरी. कशी? अहो, मी घरात असलो की सिद्धेश्वरी चालायचीच नाही. फरशीवर टक टक वाजायचं, आणि मी एकदा म्हणालो—एकदाच हं—'पेपर तपासतोय, जरा थांबशील का?' थांबली. डॉक्टर म्हणायचे, चाला. मी त्यांना सांगायचो, आळशी आहे. मी शाळेला गेलो की कशाबशा दोन फेऱ्या मारायची, मी यायच्या आत पलंगावर. शेजारच्या पार्वतम्मांनी सांगितलं. हिच्या मातीनंतर.

नाही नाही, उठू नका—म्हणजे उठाच. तुमच्याआधी दोघं येऊन गेले, दोघांनाही खोटं सांगितलं, की कालच दिला. तुम्ही न्या. आत्ताच न्या, नाहीतर उद्या तुम्हालाही तेच सांगेन. आईंना घरभर चालू द्या.

—अहं, खांद्यावर नको. फाटकापर्यंत टक टक टेकवत न्या. सावकाश. आणि आता बोलू नका काही.