उजव्या हाताचं कुंपण

मोंटानातल्या आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात दोघी माझ्यासमोर बसल्या होत्या. एकीजवळ म्हातारा कुत्रा होता, दुसरीच्या मांडीवर करडू.

"वेंडल गेल्यापासून हा कुंपणापाशीच बसतो, इंग्रिड. खात नाही. शहरात कुठं ठेवू मी याला? इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायलाच आणलंय."

"तुमच्या भावानं अकरा वर्षं माझ्या शेळ्यांवरून मला बोलणीच ऐकवली, ओपलताई."

"पण तुमच्या सामाईक कुंपणातली तुझ्या वाटणीची तारही तोच ओढून बसवायचा ना?"

"हो. दोन शेजाऱ्यांनी मध्यावर समोरासमोर उभं राहायचं, ज्याच्या त्याच्या उजव्या हाताचं कुंपण ज्यानं त्यानं दुरुस्त करायचं, एवढा साधा रिवाज. मला वाटायचं, माझं काम त्याला कच्चं वाटतं."

"अगं, तुझ्या तारेचे खिळे तोच उपटायचा! आणि दर शनिवारी दाढी करून दुरुस्तीला यायचा. फोनवर स्वतः सांगितलंय मला."

"…शेळ्याही आपोआप सुटत नव्हत्या, ताई. फाटक मीच उघडं ठेवायचे."

"मग अकरा वर्षं तुम्ही दोघं बोललात तरी काय?"

"तारेबद्दल."

डॉक्टर दारात आले.

"या कुत्र्याला इंजेक्शन द्यायचंय ना?"

"नको, डॉक्टर," इंग्रिड म्हणाली. "बसू दे त्याला कुंपणापाशी. मी असतेच तिथं."