केक कुठं हाय?

आमी बेलापूरच्या खाडीकडचे, आगरी, बापूस मिठागरावर राबायचा आन वरती भाताचं एक खाचर होतं, काय सांगू तुमाला, एका दलालानं त्याला इंग्रजी कागद दिला, बापूस म्हनला यात काय लिवलंय, तो म्हनला काय नाय काका, तुमचं नाव लिवलंय नुसतं, बापसानं अंगठा दिला आन खाचर गेलं. तवापासून घरात लग्नाची पत्रिका आली तरी बापूस म्हनायचा, नाव वाचलंस, आता खाली काय लिवलंय ते वाच. त्याचाच गुन माझ्यात आलाय. मी सातवी शिकलेली, मराठीतून.

पुढं महाप्याला एका हापिसात साफसफाईला लागले, अकरा वर्सं झाली. तिथं सगळं इंग्रजी, भिंतीवर पन इंग्रजी, आन कोनी हसलं तरी मला वाटायचं माझ्याबद्दलच बोलतायत. म्हनून पोरीची जुनी डिक्शनरी घेतली, शब्द कानावर पडला की कॅलेंडरच्या मागं लिवायचा. पन डिक्शनरीवर पन माझा इस्वास नाय. तिच्यात काइंडली म्हंजे मायेनं, दयेनं असं हाय, आन आमच्या बेसिनवरच्या पाटीत बघावं तर काइंडलीच्या पुढं दटावलेलंच, हे टाकू नका, ते सांडू नका. मग कळलं, शब्द सोयऱ्यासारखा असतो, नुसतं नाव विचारून भागत नाय, कोनाच्या पंगतीला बसतो ते बघावं लागतं. रेझिग्नेशन मी असंच शिकले. हापिसात कोनाचं रेझिग्नेशन झालं की शेवटच्या दिवशी केक कापायचे, सगळे गोड गोड बोलायचे, बशा मी धुवायची, आन दुसऱ्या दिवशी ती खुर्ची रिकामी.

आन माझी एक खोड हाय, वाईट म्हना, चांगली म्हना. जो शब्द मला येतो त्याचाच अर्थ मी लोकांना विचारते. न येनारा विचारून काय उपेग, समोरचा खरं सांगतोय का खोटं ते कळनार कसं? पोरीला पन विचारते, ती चिडते, आई तू माझी परीक्षा घेतेस. घेते तर.

गेल्या वर्षी सुपरवायझर कागद घेऊन आला, मावशी, नवीन ओळखपत्र येनार, सगळ्यांनी सह्या करा. आमी सहा बाया रांगेत, सगळ्यात पुढं कल्पना, माझी मैतरीन, एका डब्यात जेवायचो आमी, आन तिच्या मागं मी. तिच्या खांद्यावरून कागदात डोकावले तर पयल्याच ओळीत रेझिग्नेशन. कळलं ना तुमाला, आमी आपल्या मर्जीनं नोकरी सोडली असं लिवून घ्यायचं आन उद्या परत नवीन म्हनून ठेवायचं, मागची सगळी वर्सं पुसली. पन मी वरडले का? नाय. खोड आडवी आली. गरीब तोंड करून विचारलं, साहेब, हे रेझिग्नेशन म्हंजे काय वो? तो म्हनला ओळखपत्रालाच म्हनतात मावशी, तुमी सही करा. मी म्हटलं, मग केक कुठं हाय?

मागच्या बाया हसल्या, मग त्यांना समजलं तसं कोनी पेन धरलं नाय. पन मी त्याची परीक्षा घेत होते तेवढ्यात कल्पनाची सही झाली होती. तिचा एकटीचा कागद घेऊन तो सटकला. आमी पाच जनी हाय तशा ऱ्हायलो, ती नवीन झाली. ती मला म्हनली, तुला म्हाईत होतं ना, मग त्याला काय विचारत बसलीस, मला सांगायचं. लाज वाटते मला, अजून वाटते. ती आता खिडकीकडं बसून एकटी जेवते.

आता नवीन शब्द कळला की पयला तिला सांगते, अर्थासकट, ती ऐको नायतर नको. ती डब्यातच बघत जेवते, पन उठून जात नाय.

आन तुमचा हा कागद, माझं बोलनं लिवून घ्यायला माझी सही मागनारा. मघाशी मी विचारलं ना, कन्सेंट म्हंजे काय, तो शब्द मला येत होता. तुमी म्हनलात राजीखुशी, आन वर हे पन सांगितलंत की नको वाटलं तर मागं घेता येतं, ते मी विचारलं पन नव्हतं. सुखी ऱ्हावा. पन सही आज नाय करत. उद्या जेवायच्या सुट्टीत कल्पनाच्या पुढ्यात ठेवते, यात काय लिवलंय ते तिला आधी सांगते, आन मग करते.