साहेबांच्या भूमिकेत सासूबाई

(रविवारची सकाळ. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर मटारच्या शेंगांचा ढीग. सासूबाई, सून आणि मुलगा.)

सासूबाई : थांब. बाहेर जा आणि परत ये. साहेबाच्या खोलीत असं शिरतात का, फरशी ओली असल्यासारखं?

सून : आई, आणखी किती वेळा येऊ?

सासूबाई : आई कोण? मी साहेब आहे. बोला मॅडम, काय काम आहे? पटकन हं, मला मीटिंग आहे.

सून : सर, सॉरी, तुमचा थोडा वेळ घेते. ते आपल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखपदाबद्दल... म्हणजे जुने सर निवृत्त होताहेत, तर मला असं वाटतं की बहुधा मीसुद्धा त्या जागेसाठी...

सासूबाई : वाटतं? बहुधा? अगं, तू जागा मागायला आलीयेस की हवामानाचा अंदाज सांगायला?

सून : पण खात्रीने कसं म्हणू? ते पद मी अजून सांभाळलेलंच नाही. पुरावा कुठाय?

मुलगा : आई, ही अशीच आहे. लग्नाला होकार देतानाही म्हणाली होती, ‘आत्ता हाती असलेल्या माहितीवरून, हो.’

सून : मग? चुकलं का काही?

मुलगा : नाही गं. माहिती अजून गोळा होतेय, एवढंच.

सासूबाई : तू गप्प. तुला तिच्या बरोबरीच्या त्या माणसाचं काम दिलंय ना? काय म्हणतेस गं त्याला?

सून : पडसाद. मीटिंगमध्ये मी जे बोलते तेच तो जरा वेळाने मोठ्याने म्हणतो आणि शाबासकी मिळवतो. आता जागाही त्यालाच द्यायचं चाललंय. उद्या बोलले नाही, तर मंगळवारी त्याच्या नावाचं पत्रक निघेल.

सासूबाई : चला तर मग, मीटिंगच घेऊ. बोला मॅडम, शहराच्या पाण्याचं काय?

सून : सर, टेकडीवरच्या वस्तीतले नमुने सारखे खराब येताहेत. टाकीतलं पाणी मात्र चांगलं आहे. म्हणजे दोष मधल्या पाइपलाइनमध्ये असावा. तिथले नमुने वेगळे घेऊ या.

सासूबाई : हं. बघू. पुढे?

मुलगा : सर! माझ्या मते दोष मधल्या पाइपलाइनमध्ये आहे!

सासूबाई : वा! शाबास! याला म्हणतात डोकं!

सून : आई!

सासूबाई : अगं बाई, खरंच की. सवय गं. हा पहिल्यांदा ‘बा’ म्हणाला, तेव्हापासूनची.

सून : साहेब तर त्या पडसादाची आईही नाहीत. तरी परवा याच पाइपलाइनवरून त्यांनीही शाबासकी त्यालाच दिली.

मुलगा : पण मी बोललोच तसा दणकून. तू बोलतेस ते शेजारी बाळ झोपल्यासारखं.

सासूबाई : आवाजाचं काही नसतं रे. इतकी वर्षं मेट्रन होते, वॉर्डात मी कधी आवाज चढवला नाही. मेट्रनने हळूच ‘डॉक्टर, जरा’ म्हटलं, की भलेभले बूट न वाजवता यायचे. हिचं दुखणं वेगळं आहे. बसा मॅडम. हे बघा, जागा आपण त्यालाच देऊ. तुम्ही त्याला सांभाळून घ्या. तुम्हाला काय, सगळं येतंच.

सून : ठीक आहे, सर.

सासूबाई : ठीक आहे?

सून : म्हणजे... तुम्ही इतकं गोड बोललात, की...

मुलगा : झालं. घरच्या घरीच हरलो.

सासूबाई : माझं संपलं नाही अजून. मॅडम, त्या टेकडीवरच्या पाण्याचा अहवाल आजच हवाय. पाणी चांगलं आहे असं लिहून टाका.

सून : नाही.

सासूबाई : अहो, वरून दबाव आहे.

सून : असू दे. नमुना आत्ताच लावलाय. जंतूंना वाढायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो, त्यांना तुमची मीटिंग कळत नाही. ते पाणी लेकरं पितात. मी सही करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला करूही देणार नाही.

मुलगा : बाप रे. मीच उभा राहिलो.

सासूबाई : सापडली नस! पाण्याबद्दल बोलायचं तर वाघीण, स्वतःबद्दल बोलायचं तर भिजलेलं मांजर. मग उद्या स्वतःबद्दल बोलूच नकोस. नमुन्याबद्दल बोलतेस तसं बोल.

सून : म्हणजे कसं?

सासूबाई : समज, तुझ्या टेबलावर एक बाई तपासणीला आलीय. काय आढळलं?

सून : नमुना... प्रौढ स्त्री. चष्मा आहे. नवी माणसं हिच्याच हाताखाली तयार होतात. यंत्र बिघडलं की आधी हिला बोलावतात, मग दुरुस्तीवाल्याला. जुने सर आजारी होते, तेव्हा अख्खी प्रयोगशाळा हिनेच चालवली.

मुलगा : स्वभाव?

सून : किंचित आम्लधर्मी.

मुलगा : मर्यादेत?

सून : सोललेले दाणे तू असेच खात राहिलास, तर राहणार नाही.

सासूबाई : निष्कर्ष सांग, निष्कर्ष.

सून : निष्कर्ष... अय्या. हे काम ती करतेच आहे की. पुरावा आहे!

मुलगा : तुझा फोन वाजतोय. साहेबांचा. खऱ्याखुऱ्या साहेबांचा.

सासूबाई : रविवारी? उचल, उचल. मी गप्प बसते.

सून : हॅलो... हो सर... नमुन्यांच्या फ्रिजची किल्ली? माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात... पण आज ड्यूटी त्याची आहे ना?... त्यालाही माहीत नाही. बरं. दार ओढून लावा, नाहीतर उघडं राहतं... सर, ठेवू नका. उद्या भेटून बोलणार होते, ते आत्ताच बोलते. प्रयोगशाळेची प्रमुख मला करा. जुने सर आजारी असताना ती मी चालवली, एकही अहवाल परत आला नाही. आजही किल्ली तुम्ही मलाच विचारताय. आणि पाइपलाइनचा दोष आधी मी सांगितला होता, सर. तुम्हाला तो दुसऱ्यांदा ऐकू आला... हो... बरं, सर.

सासूबाई : काय म्हणाले?

सून : मंगळवारचं पत्रक थांबवतो म्हणाले. विचार करतो म्हणाले.

मुलगा : म्हणजे हो?

सून : म्हणजे विचार करतो.

सासूबाई : मग एवढी हसतेस कशाला?

सून : मी बोलत होते ना आई, तेव्हा ते मध्ये एकदाही बोलले नाहीत.