उपासाला गोळी चालती का

माझं माहेर भामा नदीच्या काठचं, गावाचं नाव कशाला पायजे तुमाला, लिवायचंच असंल तर चाकणच्या पलीकडं एवढं लिवा, आन काय लिवताय ते शेवटाला मला वाचून दावा बाई, कारन माझी एक खोड हाय, मी कुनावर लवकर भरवसा टाकत न्हाई. माझा बाप म्हनायचा, ही पोरगी देवाचा परसाद बी हुंगून खाती. आमचा कांदा व्हायचा, बाप चाकणच्या बाजाराला गाडी न्यायचा आन मी पोत्यावर बसून जायची, तागडीवाल्याच्या बोटाकडं डोळा लावून, म्हंजी तशीच वाढली मी. लगीन होऊन हितं कुरुळीला आली. माळकरी घर, मालकांच्या गळ्यात तुळशीची माळ, सासूच्या गळ्यात बी, मटन-मासळीचं नाव सुदीक घरात घेयाचं न्हाई. सासूला आमी आत्याबाई म्हनतो. धाकटा दीर शेती बघायचा, आन मालक पिंपरीला ती औषधाची कंपनी निघाली तिथं कामाला लागलं, सायकलवर जायाचं, सायकलवर यायाचं.

शेवंता झाली, माझी पोरगी, तिच्या मागनं माझं अंग बिघडलं. काय सांगू तुमाला, चैताच्या उनात मी घोंगडी पांघरून बसायची, तोंड सुजल्यागत, आवाज बाप्याचा असावा तसा घोगरा, केस फनीत मूठमूठ यायाचं, भाकरी थापता थापता डोळा लागायचा, आन इसर तर असा की चुलीवर दूध ठिवून गोठ्यात जाऊन उभी ऱ्हायची आन कशाला आली तेच ठावं नसायचं. आत्याबाई म्हनल्या कामचुकार हाय. मंग म्हनल्या बाहेरचं हाय. भगत आनला, त्यानं कोंबडं मागितलं, माळकऱ्याच्या घरात कुठलं कोंबडं, नारळावर भागवलं त्याचं. गुन काय आला न्हाई. लोक हसायचं, नवरा औषधाच्या कंपनीत आन बायको घोंगडीत.

शेवटाला मालकांनी एस्टीनं पुन्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं माझ्या नाकाला चिमटा लावला, तोंडात रबराची नळी दिली आन म्हनलं श्वास घ्या, श्वास सोडा, आन तो समदा श्वास एका डब्यात धरून ठिवला. मला वाटलं, गेला आपला जीव ह्यांच्या डब्यात. डाक्टर तरनाताठा व्हता, गळ्यावर बोटं ठिवून म्हनला, बाई, इथं सगळ्यांच्याच एक गाठ असते, ती अंगाला ऊब देते, तुमची काम करेनाशी झालीय, तिचं काम आता ही गोळी करेल, रोज सकाळी उपाशीपोटी एक, जन्मभर. जल्मभर म्हनल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. गुन येनारी दवा कवातरी थांबती का न्हाई? जी थांबत न्हाई ती दवा कसली, तो तर कुनाचा तरी धंदा. पन खोटं का बोलू, गोळीनं मी उठली. आखाडापातूर माझी घोंगडी घडी करून माळ्यावर गेली, मी खुरपायला जाया लागली, आवाज सुदरला, शेवंताला कडेवर घेऊन हिरीवर जायाची.

आन सरावन सरता सरता परत बसली. तीच गोळी, तीच बाटली, आन पाय गार, तोंड सुजलेलं, जीव गळालेला. आता सांगा, तीच गोळी आसंल तर असं हुईल का? मी म्हनलं, गोळी बदलली. कुनी बदलली? पयला सौंशय धाकट्या जावंचा, तिला वाटायचं मी पडून ऱ्हाते आन तिलाच समदं वढावं लागतं, आन ते खरं बी व्हतं. मी काय केलं, बाटलीच्या बुचाखाली माझाच एक केस आडवा ठिवला, गळत व्हतंच की. रोज बघायची, केस जाग्यावर. बाटली बाजरीच्या कनगीत पुरून ठिवली, तरी तेच. मंग म्हनलं जाऊ न्हवं, दवाखान्यातला कंपौंडर, त्यो खडूच्या गोळ्या देतो आन खऱ्या इकतो. मालकांला बोलली तर म्हनलं, येडी हाईस का. मंग मी मालकांकडं बी निराळ्या नजरेनं बघाया लागली, ह्यांनी तर कंपनीतलं कायतरी आनून घातलं न्हाई? ते म्हनलं, आमच्याकडं गोळ्या हुतच न्हाईत, सुईचं औषध हुतं. पन मानूस म्हनतो ते समदं खरं असतं का.

आत्याबाईंनी देवाला साकडं घातलं. सरावनातलं सोमवार व्हतंच, ते पुढं चालू ठिवा म्हनल्या, गुरुवार धरा म्हनल्या, संकष्टी धरा, एकादशी तर घरात बारा म्हैनं. मी धरलं. जेवढी बिघडत गेली तेवढं उपास वाढत गेलं, नवरात्र बसलं तवा तर नऊ दिस निसतं फराळावर. आन नवरात्र उठता उठता मी पार हातरुनाला टेकली.

दसऱ्याच्या मागनं एक दिस मी कान दिऊन आईकलं. आत्याबाई मालकांला म्हनत व्हत्या, दिवाळीपातूर बघू, न्हाई तर हिला माहेरी धाड, बापाकडं पडू दे, पोरगी हितं ऱ्हाईल, आन माझ्या भैनीची पोर हाय, घरात हातपाय चालनारी बाई पायजे. मालक काय म्हनलं ठावं हाय? म्हनलं, आई, आता कायदा झालाय, दोन बायका करता येत न्हाईत. एवढंच. मी भिताडाआड पडलेली, मला वाटलं, म्हंजी कायदा नसता तर? आजारानं रडली न्हाई मी तेवढी त्या दिवशी रडली. माहेरी जायाचं दुख न्हवतं, पन शेवंता पाच वर्साची बी न्हवती आन ती माझ्याबिगर झोपत न्हवती.

पुन्याला परत जायाचं ठरलं. डाक्टरनं सांगून ठिवलेलं की नळीची तपासनी उपाशीपोटी करावी लागती. मी मनात म्हनलं, सोमवारीच जाऊ, नायतरी उपास असतोच. नळी झाली, चिमटा काढला, डाक्टर कागद बघून कपाळाला आठ्या घालून म्हनला, बाई, तुम्ही गोळ्या घेत नाही. मी भडकली. म्हनलं, घेती, तुमच्या गोळ्याच खोट्या हाईत. तो म्हनला, आज सकाळी घेतली? मी म्हनलं, आज कशी घिईन, आज उपास हाय न्हवं. त्यानं कागद खाली ठिवला. म्हनला, आणि कोणकोणत्या दिवशी उपास असतो? मी सांगाया लागली, सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन एकादश्या, नवरात्राचं नऊ दिस, आन सांगता सांगता माझं मलाच कळालं. पन मी तरी काय करू? भगर चालती, शेंगा चालत्यात, रताळं चालतं, हे आमाला आईनं शिकिवलं, गोळी चालती असं कुनी शिकिवलं व्हतं का? त्यानं बी कवा इचारलं न्हाई आन मी बी सांगितलं न्हाई. डाक्टर म्हनला, उपासाला गोळी चालते, ती काही अन्न नाही.

आता तिथं गप बसावं का न्हाई? पन माझा सभाव. मी म्हनलं, अन्न न्हाई तर मंग कशाची करत्यात? तो म्हनला, जनावराच्या गळ्यातली तीच गाठ काढतात, वाळवतात, त्याची भुकटी असते. मी म्हनलं, कोनतं जनावर? त्यानं मालकांच्या गळ्यातल्या माळेकडं बघितलं आन म्हनला, ते आता कशाला विचारता.

एस्टीत मालक शेजारी बसलं पन तोंड खिडकीकडं. नाशिक रस्त्याला गाडी लागली, भोसरी गेली, मोशी गेली, तरी तसंच. मला वाटलं, आता हे घरी जाऊन सांगनार, आन माळकऱ्याच्या घरातनं बाईला धाडायला ह्याच्यापरीस बरं निमित्त कोनतं. शेवंताचे कपडे कुठं ठिवलेत, तिला जाऊ येळेवर खायाला घालंल का, असलंच मनात येत व्हतं.

घरी आलो. आत्याबाई ओट्यावरच बसलेल्या, इचारलं, काय म्हनला डाक्टर. मालकांनी टोपी काढली, गळ्यातल्या माळेला हात लावला आन म्हनलं, आई, गोळी झाडपाल्याची हाय, उपासाला चालती, हिनं चुकिवली म्हनून गुन आला न्हाई, आता एक दिस बी चुकवायची न्हाई. माळेला हात लावून म्हनलं, बाई. मी उंबऱ्यावरच खाली बसली.

ह्याला आता वर्सं झाली. शेवंता साळंत जाती. मी बरी हाय, अगदी पयल्यासारखी न्हाई, थंडीत हात गार पडत्यात, केस परत आलं न्हाईत, भुवया बाहेरच्या अंगानं इरळच, दुपारी घटकाभर पडावं लागतं. डाक्टरनं गोळी एकदा वाढिवली, मंग परत थोडी कमी केली, आन नवी बाटली आली की मी एक गोळी चाटून बघतेच, त्याला काय इलाज न्हाई. मालकांला मी कैकदा इचारलं, माळेला हात लावून खोटं का बोललात, माझ्यासाटी का घरच्या कामासाटी. ते म्हनत्यात, गप घे गोळी. मला अजून उमगलं न्हाई.

पन एक सांगते, हे आत्याबाईंच्या कानावर जाऊ दिऊ नका. एकादशीला त्या पूजा करत्यात, तीर्थ देत्यात, आन त्या तीर्थासंगं माझी गोळी त्याच देत्यात, आपल्या हातानं, तुळशीच्या पानावर ठिवून. गेल्या एकादशीला मी हात पुढं केला तशा म्हनल्या, डोळं मिटून घे, आन इचार करत बसू नगं. आता तुमीच सांगा, झाडपाल्याच्या गोळीला डोळं कशाला मिटायचं? मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, त्या समई सारखी करत व्हत्या. डोळं मिटलं आन गिळली. देव म्हातारीला लई आयुक्ष देवो.